किनाऱ्यावरची कोंडी: पार जाणाऱ्यांची की थांबायला आलेल्यांची?

सुट्टीच्या संध्याकाळी पाण्याकाठचा रस्ता तुंबला की मागणी ठरलेली असते: रस्ता रुंद करा. पण त्या रांगेत दोन निराळ्या जातीची वाहतूक मिसळलेली असते. एक पार जाणारी. तिला किनाऱ्याशी देणंघेणं नाही, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला हा रस्ता सोयीचा पडतो एवढंच. दुसरी थांबायला आलेली, जिचा प्रवास इथेच संपतो. रांगेत उभ्या असताना दोन्ही सारख्याच दिसतात, पण एकीचा इलाज दुसरीला लागू पडत नाही.

पार जाणाऱ्या वाहतुकीची मर्यादा रस्ता आणि सिग्नल ठरवतात. हिरवा दिवा सलग असेल तर एका मार्गिकेतून तासाला साधारण 1,800 गाड्या सुटतात; तो निम्माच वेळ मिळाला तर 900. तिच्यासाठी बायपास, भुयारी मार्ग, सिग्नलच्या वेळांची जुळणी हे उपाय योग्य आहेत.

थांबायला आलेल्या वाहतुकीचं गणित वेगळंच. समजा किनाऱ्यावर 300 गाड्या लावायची सोय आहे आणि प्रत्येक गाडी सरासरी दोन तास थांबते. मग पार्किंग भरल्यावर तासाला 150 नव्या गाड्याच आत जाऊ शकतात. समोरचा रस्ता चार पदरी करा नाहीतर आठ पदरी, आकडा 150च राहणार. शिवाय पाण्याच्या बाजूला दुसरी वाट नसते, त्यामुळे माघारी फिरणारी गाडीही त्याच रस्त्यावर येते आणि जागेच्या शोधात पुन्हा चक्कर मारते. रुंदीकरणाने पायी येणाऱ्यांना ओलांडायचं अंतर मात्र वाढतं.

घोळ होतो तो या दोन्ही एकमेकींत अडकतात तेव्हा. रांगेतल्या एका गाडीला सात मीटर धरा. पार्किंगच्या फाटकाशी थांबलेल्या दहा गाड्यांची शेपटी 70 मीटर होते. फाटक रस्त्याच्या कडेलाच असेल तर ती शेपटी पार जाणाऱ्यांची मार्गिका अडवते. चौकात उभ्या असलेल्याला वाटतं, रस्ता अपुरा आहे. खरं कारण तिकीट फाडणाऱ्या फाटकात असतं. मला विचाराल तर कुठल्याही पुलाच्या आराखड्याआधी ते फाटक शंभर मीटर आत सरकवून पाहावं. मग जागा शिल्लक आहे की नाही हे सांगणारा फलक किनाऱ्याच्या फाट्याच्या अलीकडे लावावा, दूरच्या पार्किंगपासून बस सोडावी, आणि पाण्याकडे जाणाऱ्या आडव्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी मोकळ्या कराव्यात. पार्किंगच्या दरांवर आयुष्यभर काम केलेले डोनाल्ड शूप यांचा आग्रह असे की दर असा ठेवा की सुमारे 15 टक्के जागा रिकामी राहील. म्हणजे येणाऱ्याला चकरा माराव्या लागत नाहीत. दरवाढ कुणालाच आवडत नाही, पण फुकट जागेची किंमत रांगेतला प्रत्येक जण वेळेने चुकवतच असतो.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये किनाऱ्यावरचा जुना दुमजली उड्डाणपूल बंद करून 2019 मध्ये सुमारे 3.2 किलोमीटरचा भुयारी मार्ग सुरू झाला. त्याला मध्ये, शहराच्या गाभ्यात, बाहेर पडायला वाट नाही. तो केवळ पार जाणाऱ्यांसाठी आहे. उरलेल्यांचा प्रश्न वरच्या रस्त्यावरच सोडवावा लागला. फेरीबोटीवर चढायला येणाऱ्या गाड्यांची रांग भुयारात पाठवता येत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या त्या नव्या रस्त्याचा दक्षिणेकडचा भाग रुंदच राहिला, आणि पादचाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्यावर टीकाही केली.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट याच्या उलटी. तिथल्या किनाऱ्यावरचा, एम्बार्केडेरोचा उड्डाणपूल दोन मोठ्या पुलांना जोडण्यासाठी आखला होता, पण विरोधामुळे तो अर्धवटच राहिला. पार जाण्यासाठी कल्पिलेला हा मार्ग प्रत्यक्षात गाड्या शहरातच उतरवू लागला. 1989 च्या भूकंपात तो खिळखिळा झाला आणि 1991 मध्ये पाडायला घेतला, तेव्हा चायनाटाउनमधल्या व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं गैर नव्हतं, त्यांचं गिऱ्हाईक त्याच मार्गाने यायचं. आज तिथे झाडांचा रुंद रस्ता आणि ट्राम आहे.

आपल्याकडची वाहतूक कोणत्या जातीची, हे ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. किनाऱ्याच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना गाड्यांचे क्रमांक नि वेळ टिपायची. जी गाडी काही मिनिटांत दुसऱ्या टोकाला दिसली ती पार जाणारी. जी दोन तासांनी दिसली, किंवा आली त्याच टोकाने परतली, ती थांबायला आलेली. मात्र ही मोजणी कामाच्या दिवशी सकाळी केली तर आकडे हमखास बायपासच्या बाजूने झुकतील, कारण तेव्हा किनाऱ्यावर थांबायला फारसं कुणी येत नाही. सुट्टीच्या दिवशी सूर्यास्ताच्या दोन्ही बाजूंचा एकेक तास धरायला हवा. त्यातही परतीचा तास वेगळा पाहावा, कारण आलेली माणसं दिवसभरात विखरून येतात आणि निघतात मात्र एकदम, त्यामुळे बाहेर पडायच्या वाटेचं माप आत यायच्या वाटेपेक्षा मोठं ठेवावं लागतं.