लादाइन आणि वाटीभर हरभरे

कॅथलिकांचं फेस्त म्हटलं की बँड, फटाके आणि सोरपोतेलचं ताट डोळ्यांसमोर येतं. ती चर्चच्या अंगणातली बाजू. गोव्यात आणि मुंबईच्या गावठाणांत घरातला सण मात्र फार साधा होता. संध्याकाळी नातलग आणि शेजारी जमायचे, वेदीसमोर लादाइन म्हणायचे, मग वाटीभर उकडलेले हरभरे, खोबऱ्याचे तुकडे आणि मोठ्यांना घोटभर फेणी. संपला सण.

लादाइन म्हणजे मरियामातेच्या नामांची माळ. इटलीतल्या लोरेतो या तीर्थस्थानी रूढ असलेल्या या प्रार्थनेला पोप सिक्स्तुस पाचवे यांनी १५८७ मध्ये मान्यता दिली. एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर, असं उत्तर द्यायचं. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, धर्मगुरू लागतोच. लादाइनीला लागत नाही. सगळी मेख इथे आहे. गोव्याच्या गावागावांतल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. त्यामुळे लॅटिनचं अक्षर न समजणारी माणसंही ओसरीवर उभी राहून दोन-दोन, तीन-तीन आवाजांत ती गात.

लादाइन घरोघर रुजायला आणखी एक कारण असावं. इन्क्विझिशनच्या, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी जुन्या रीतींवर बंदी घातली; अंगणात तुळस नको, मिठाविना शिजवलेला भातसुद्धा नको. घरावर अशी नजर असताना आप्तांना गोळा करायला लादाइनीइतकं निर्धोक निमित्त दुसरं कुठलं? हा माझा तर्क, पण मला तो पटतो.

चर्चच्या फेस्ताचा मान आणि खर्च कोन्फ्रारियाच्या, म्हणजे चर्चशी जोडलेल्या भक्तमंडळाच्या, अध्यक्षाकडे. तो मान कुणाला मिळावा यावरून गावांत जातीचे तंटे झाले आहेत. लादाइन कुणीही ठेवू शकत होतं. हरभरे आदल्या रात्री भिजत घालायचे. पाहुणे वाढले तर मूठभर जास्त. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्याकडेही भिजवलेले हरभरेच वाटतात. या दोन्ही रीतींचं नातं जोडायची गरज नाही, त्या दिवसांत परवडणारं आणि टिकणारं धान्य तेच. गोव्यात सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती वाड्यावर घरोघर फिरते, तेव्हाही ज्या घरी तिचा मुक्काम त्या घरी त्या रात्री लादाइन आणि खाणं.

मुंबईत या रीतीला वेगळंच वळण लागलं. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ असल्याचं डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं. त्यांचा पुतळा आजही धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे. साथीच्या त्या वर्षांत वांद्र्यापासून गिरगावापर्यंत गल्लीबोळांत क्रूस उभे राहिले, कुणी नवसाचे, कुणी वाचल्याच्या कृतज्ञतेचे. दरवर्षी मे महिन्यात त्या क्रूसापुढे लादाइन होऊ लागली. खरं तर ते रस्त्यावरचं घरच. आसपासची कुटुंबं मिळून फुलं, मेणबत्त्या आणि हरभरे आणतात.

धोबीतलावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे एकेका गोवेकर गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या वसतिगृहांत, बोटीवर जाणारे तारवटी राहत. तिथेही वेदी असे, रोज रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असे. गावच्या पालक संताचा दिवस आला की गाव दूर असलं तरी फेस्त तिथेच साजरं होई.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि लॅटिन मागे पडली. घरच्या लादाइनीत मात्र ती हट्टाने टिकली, कारण तिथे शब्दांपेक्षा चालीची सवय मोठी. ३ मेचा क्रूसाचा सण तर १९६० मध्ये रोमच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून वगळला गेला, पण गावठाणांनी आणि गोव्याच्या वाड्यांनी तो सोडला नाही. मे म्हणजे शाळांना सुट्टी, बाहेरगावची माणसं घरी, आणि पेरणीची घाई सुरू व्हायला अजून अवकाश. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या तारखेत नव्हती.

आता हरभऱ्यांच्या जोडीला केक, वेफर्स आणि केटररची सँडविचेस येतात. मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त खर्च वाढला की लादाइन ठेवायला माणसं कचरतात, हे काही गल्ल्यांत दिसू लागलं आहे.