जुन्या गाडीतली 'बिनकामाची' वायर कापण्याआधी

मारुती ८००, ओम्नी, ॲम्बॅसेडर, पद्मिनी, जीप. आमच्या गॅरेजात येणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या, कुणी खानापूरहून आणतं, कुणी निपाणी-चिकोडीकडून, पण तक्रार ठरलेली: "डॅशबोर्डखाली एक वायर लोंबत होती, कामाची दिसली नाही म्हणून कापली. आता गाडी उभीच आहे."

कापू नका. टोक उघडं असेल तर टेप गुंडाळा, फोटो काढा आणि तशीच घेऊन या. अखंड वायरीच्या एका टोकाला बझर लावला की दुसरं टोक लवकर सापडतं. मधून कापली की दोन अनोळखी टोकं होतात, आणि त्याच रंगाच्या आणखी चार वायरी त्याच जुडग्यात असतात. त्यात तुकडा डिकीत ठेवण्याऐवजी फेकून दिला असेल, तर आमचा अर्धा दिवस गेलाच.

कापलेल्या वायरींत गॅस किटची हटकून असते. किट काढलेलं, सिलिंडर नाही, पण पेट्रोलच्या नळीत बसवलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, तसाच राहिलेला असतो. त्याला करंट मिळाला तरच तो उघडतो. वायर कापल्यावर गाडी लगेच बंद पडत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर थोडी पळते आणि मग रस्त्यात थांबते. त्यामुळे संशय वायरीवर जातच नाही. लोक पेट्रोल पंप बदलतात, कार्ब्युरेटर साफ करून घेतात आणि खर्च झाल्यावर आमच्याकडे येतात.

अल्टरनेटरकडे जाणारी बारीक वायरही अशीच बळी पडते. ती गेली की किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतच नाही. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. बॅटरी मात्र चार्ज होत नसते. रिकामे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, लोंबत असतील तर त्यांची चिंता नको. बऱ्याच गाड्यांत साध्या आणि महागड्या मॉडेलला कंपनी एकच वायरिंग घालते.

रंगावरून ओळखायचं म्हणाल, तर जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरीला कायम करंट, पांढरी किल्लीवर, हिरवी किल्लीवर पण फ्यूजमधून, काळी अर्थिंगची. पण मूळ वायरिंग शाबूत असेल तरच. गाण्यांचा टेप, हॉर्न, फॉग लॅम्प बसवताना ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्यानं ओढलेली असते. आम्ही मीटरवरच विश्वास ठेवतो. सुई टोचून तपासायचं टाळतो, कारण त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं.

बॅटरी आपोआप उतरत असेल तर एक तपासणी घरीही होते. सगळं बंद करून दारं लावा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि ती केबल व बॅटरी यांच्या मध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. बल्ब चांगला पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं विझेल त्या लाईनीत गडबड. एकाही फ्यूजनं विझला नाही, तर बहुतेक कुणीतरी थेट बॅटरीवरून वायर घेतली आहे. अर्धा अँपिअर खाणारी वायर दिवसाला १२ अँपिअर-तास नेते, म्हणजे मारुती ८०० ची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत संपली. हे करताना सेल्फ मारू नका. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

"नुसती वायर शोधायचे पैसे कसले?" असं काहीजण विचारतात. जोडायला पाच मिनिटं लागतात, वेळ शोधण्यातच जातो, आणि दर त्या वेळेचा आहे. म्हणून फोनवर आकडा सांगत नाही. गाडी बघून सांगतो, आणि काम त्यापुढं जाणार असेल तर आधी विचारतो. सापडलेल्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावून देतो, मराठीत किंवा कन्नडमध्ये, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडे गेलात तरी शोधायचे पैसे पडणार नाहीत.

नुसते पिळून टेप लावलेले जोड आम्ही सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवतो. हे काम मे महिन्यात करून घ्या. मिरगाचा पाऊस लागला की जांबोटी-खानापूरकडच्या गाड्यांची रांग लागते, आणि मग दोन-तीन दिवस गाडी ठेवावी लागते.