दात हिरडी फाडून वर येत नाही

बाळाला सहावा-सातवा महिना लागला, लाळेरे दिवसातून चारदा बदलावे लागू लागले आणि हाताला लागेल ती वस्तू तोंडात जाऊ लागली, की घरातली वडीलधारी माणसे ‘दात येताहेत’ असे निदान करतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. चूक होते ती त्याच्या पुढच्या पायरीवर. त्याच आठवड्यात बाळाला ताप भरला किंवा जुलाब लागले, तर तेही दातांच्याच खात्यावर जमा होते आणि दवाखान्यात जाणे लांबणीवर पडते. या समजुतीमागे आपल्या मनातले एक चित्र आहे : टणक, धारदार दात खालून जोर लावतो आणि हिरडी फाडून बाहेर पडतो. एवढी इजा होत असेल तर सारे शरीर तापणारच, असे मग वाटते. प्रत्यक्षात दात असा येत नाही, आणि तो जसा येतो ती जीवशास्त्रातली एक अतिशय सुंदर प्रक्रिया आहे.

दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटात, गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. जन्माच्या वेळी सगळ्या २० दुधाच्या दातांचे कमी-अधिक तयार झालेले माथे जबड्याच्या हाडात दडलेले असतात आणि प्रत्येकाभोवती एक मऊ, पातळ आवरण असते. त्याला आपण दंतपिशवी म्हणू. डोनाल्ड केहिल आणि सँडी मार्क्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात कुत्र्यांच्या उपदाढांवर केलेल्या प्रयोगांत ही पिशवी काढून टाकली, तेव्हा दात निरोगी असूनही वर आला नाही. उलट पिशवी जागेवर ठेवून आतला दात काढला आणि त्याऐवजी त्याच आकाराची धातूची किंवा सिलिकोनची प्रतिकृती बसवली, तेव्हा ती निर्जीव प्रतिकृतीच हिरडीतून वर आली. म्हणजे वाट काढण्याचे काम दाताचे नसून पिशवीचे आहे.

ही वाट तयार होते रासायनिक संदेशांच्या साखळीने. दाताच्या माथ्यावरील पेशी पॅराथायरॉइड संप्रेरकाशी साधर्म्य असलेले एक प्रथिन स्रवतात. ते पोहोचताच पिशवीच्या वरच्या भागातील पेशी ‘सीएसएफ-१’ आणि इतर काही संदेश-प्रथिने तयार करतात, आणि त्यांच्या हाकेला ओ देऊन रक्तातील एककेंद्रकी पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात. या पेशींचे रूपांतर हाड विरघळवणाऱ्या मोठ्या, बहुकेंद्रकी अस्थिभक्षक पेशींत होण्यासाठी ‘रँकएल’ नावाचा रेणू लागतो, तर ‘ओपीजी’ हा दुसरा रेणू त्याला अडवून धरतो. योग्य वेळ आली की पिशवीतील ओपीजी कमी होते, रँकएलचे पारडे जड होते आणि दाताच्या डोक्यावरचे हाड विरघळू लागते. त्याच वेळी पिशवीच्या खालच्या भागात याच्या नेमके उलटे काम चालते. तेथे नवे हाड घडवले जाते. एकाच पिशवीच्या वरच्या टोकाला हाड झिजते आणि खालच्या टोकाला वाढते, हे या प्रक्रियेचे मर्म आहे. ज्या उंदरांत जन्मतःच सीएसएफ-१ नसते त्यांच्यात अस्थिभक्षक पेशी पुरेशा तयार होत नाहीत आणि त्यांचे दात जबड्यातच अडकून राहतात.

हाडातून वाट मिळाली की उरते हिरडी. तेथेही दात काही कापत नाही. त्याच्या माथ्यावरचे पेशींचे अस्तर हिरडीच्या अस्तराला जाऊन चिकटते, मधले ऊतक विकरांमुळे (एन्झाइममुळे) विरते, मधोमधच्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि आतून अस्तर असलेला एक मार्ग खुला होतो. त्यामुळे दात बाहेर येताना सहसा रक्त येत नाही. पण या मोडतोडीच्या जागी दाहाचे रेणू वाढतात, हिरडी थोडी सुजते, लालसर होते आणि शिवशिवते. बाळाची किरकिर खरी असते. तिचे कारण मात्र दाण्याएवढ्या जागेतला सौम्य दाह आहे.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथे झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ बाळांच्या पालकांनी रोज तापमान आणि लक्षणे नोंदवली. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढ्या काळात लाळ, चावणे, हिरड्या चोळणे, चिडचिड आणि तापमानातील किरकोळ वाढ आढळली. जुलाब, उलट्या, खोकला आणि मोठा ताप यांचा दातांशी संबंध दिसला नाही. मग ते नेमके याच वयात का होतात? कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरलेली असतात, वरचे अन्न सुरू होते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात जाते.

त्रास स्थानिक असल्याने उपायही स्थानिकच हवा. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हळुवार चोळली की स्पर्श आणि दाब वाहून नेणारे जाड मज्जातंतू उद्दीपित होतात आणि मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला काही प्रमाणात अटकाव होतो. ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५मध्ये मांडली. गारव्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि मज्जातंतूंतील संदेश मंदावतात, म्हणून फ्रिजमध्ये गार केलेले ओले, स्वच्छ फडके किंवा रबराचे भरीव खेळणे चघळायला द्यावे. बर्फासारखे गोठलेले मात्र देऊ नये, त्याने हिरडीला इजा होते.

बधिर करणाऱ्या जेलचा मोह टाळावा. त्यातील बेंझोकेन रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाचे रूप बदलते आणि ते ऑक्सिजन वाहून नेण्यास असमर्थ ठरते. हे रूप पूर्ववत करणारे विकर तान्ह्या मुलांत कमी असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी अशी जेल वापरू नयेत, असा इशारा दिला आहे. आपल्याकडे मधातून टाकणखाराची लाही हिरड्यांना चोळतात, तेही तितकेच घातक आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. चोखणीला मध-बोरॅक्स लावून दिल्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि एक वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेचा धोका असतो. अंबर म्हणजे अश्मीभूत राळेच्या मण्यांच्या माळा वेदनाशामक म्हणून विकल्या जातात. त्या मण्यांतून शरीराच्या उबेने औषध पाझरते याला काहीही आधार नाही, आणि बाळाच्या गळ्यातली माळ फास ठरू शकते. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, ही समजूतही आता सोडून द्यावी. खालचे पटाशीचे दात बहुधा आधी येतात एवढेच; क्रम बदलणे हा केवळ नैसर्गिक फरक आहे.

बाळ फारच अस्वस्थ असेल तर पॅरासिटामॉल द्यायचे की नाही आणि वजनानुसार किती, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे. ताप ३८ अंश सेल्सियसवर गेला तर कारण दातांत न शोधता डॉक्टरांकडे न्यावे. जुलाब लागले तर वाट पाहत बसण्याऐवजी लगेच ओआरएस पाजायला सुरुवात करावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे, आणि लघवी कमी झाली, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.