कुटुंब आणि आतड्यातील जिवाणू

माणसाच्या मोठ्या आतड्यात वस्ती करून राहणाऱ्या जिवाणूंचा समुदाय प्रत्येकाचा वेगळा असतो. तरीही एका घरात राहणाऱ्यांचे समुदाय परक्यांच्या तुलनेत एकमेकांशी जास्त जुळतात. ७० किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी भरते, वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम. (शरीरातील पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे पुष्कळदा छापले जाणारे विधान २०१६ च्या फेरमोजणीत टिकले नाही, प्रमाण जवळपास बरोबरीचे निघाले.)

म्यूनिकमधील बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी १८८५ च्या सुमारास नवजात बाळांची शी तपासली. पहिली काळपट-हिरवी, चिकट शी जवळजवळ जंतुरहित असते, पण काही तासांतच तिच्यात जिवाणू दिसू लागतात, असे त्यांना आढळले. ‘ई. कोलाय’ या जिवाणूच्या नावातला ‘ई’ त्यांचाच. नैसर्गिक प्रसूतीत आईच्या आतड्यातले जिवाणू बाळाकडे लवकर पोचतात. सिझेरियनच्या बाळात बॅक्टेरॉइड्स हा गट सुरुवातीला क्वचितच सापडतो आणि रुग्णालयाच्या वातावरणातले जिवाणू अधिक असतात. हा फरक पुढच्या काही महिन्यांत बराच ओसरतो. त्यावरून आईला बोल लावण्यात अर्थ नाही.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ऑलिगोसॅकराइड या शर्करा असतात. बाळाला त्या पचत नाहीत. बायफिडोबॅक्टेरियम या गटातील जिवाणू मात्र त्यांवर पोसतात आणि ॲसिटिक व लॅक्टिक आम्ल तयार करतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पिवळ्या, पातळसर शीला आंबूस वास येतो तो या आम्लांचा. उष्टावणानंतर पेज, मऊ वरणभात सुरू झाला की तंतुमय पदार्थांवर जगणारे जिवाणू वाढतात आणि वास पालटतो. लंगोट धुणाऱ्या आजीला हे प्रयोगशाळेच्या आधी कळते. मलावी, व्हेनेझुएला आणि अमेरिका येथील ५३१ जणांच्या २०१२ मधील अभ्यासात बालकांचा समुदाय साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत प्रौढांसारखा होतो, असे दिसले.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. एकसारख्या जुळ्यांचे समुदाय वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा फारसे अधिक जुळत नव्हते. उलट, रक्ताचे नाते नसलेले नवरा-बायको परक्यांपेक्षा एकमेकांशी अधिक जुळले. किशोरवयीन मुलांशी आईचे साम्य वडिलांपेक्षा जास्त नव्हते.

मात्र जिवाणूंची जात एक असली तरी तिच्यातला वाण एक असतोच असे नाही. इंद्रायणी आणि आंबेमोहोर दोन्ही तांदूळच, तसेच जिवाणूंचे. इटलीतील त्रेंतो विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०२३ मध्ये ९,७०० हून अधिक नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण झाले. आई आणि तान्हे बाळ यांच्यात समान असलेल्या जातींपैकी सुमारे निम्म्या जातींत वाणही तोच निघाला. एका घरात राहणाऱ्यांत हे प्रमाण आतड्यासाठी १२ टक्के, तोंडातील जिवाणूंसाठी ३२ टक्के होते. वय किंवा आनुवंशिकता यांपेक्षा सहवासाचा काळ महत्त्वाचा ठरला. चुली वेगळ्या झाल्या की जुळ्यांचेही सामाईक वाण वर्षागणिक घटतात.

म्हणजे रक्ताला काहीच मोल नाही, असे नव्हे. क्रिस्टेन्सेनेला कुळातील जिवाणूंचे प्रमाण बऱ्यापैकी आनुवंशिक असल्याचे ब्रिटिश जुळ्यांच्या अभ्यासात दिसले. ज्यांच्यात दुधातले लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) मोठेपणी टिकत नाही, त्यांच्यात बायफिडोबॅक्टेरियम अधिक आढळतात.

पुण्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये भारतीय कुटुंबांकडे पाहताना दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या निवडल्या. फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडीट्स या दोन मोठ्या गटांचे परस्परप्रमाण वयाप्रमाणे बदलत असल्याचे त्यांना आढळले. एका छपराखाली राहूनही आजोबांचे आतडे आणि नातवाचे आतडे वेगळे होते.