डाळीचे जेवण आणि आपले पाणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या गिरणीत भरडली जाणारी तूर व हरभरा प्रामुख्याने लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतील शेतांतून येतो. शाकाहारी आहाराने पर्यावरणाचा नेमका काय लाभ होतो, असे ग्राहक विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या भागाने ते दिवस पाहिले, तेथे अन्नाचा विचार पाण्यापासूनच सुरू व्हायला हवा. जागतिक सरासरी पाहिली, तर एक ग्रॅम प्रथिनासाठी कडधान्यांना सुमारे १९ लिटर, कोंबडीच्या मांसाला ३४ लिटर आणि शेळी-मेंढीच्या मांसाला ६३ लिटर पाणी लागते. या हिशेबात पावसाचे पाणीही धरलेले आहे, आणि आपल्याकडील तूर बहुतांशी त्याच पाण्यावर येते. मृगाच्या पावसावर सोयाबीन किंवा कपाशीत आंतरपीक म्हणून पेरलेली तूर आपल्या खोल मुळांनी काळ्या जमिनीतील ओल घेत पाऊस सरल्यावरही पौषापर्यंत उभी राहते. तिच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, गळालेला पाला रानातच कुजतो आणि पुढच्या पिकाला युरिया कमी लागतो.

मांसाच्या बाबतीत मूळ प्रश्न खाद्याचा आहे. पोल्ट्रीतील कोंबडी मका आणि सोयाबीनची पेंड खाते, आणि त्यातील प्रथिनांचा मोठा भाग तिच्या जगण्यातच खर्ची पडतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन हा वातावरण तापवणारा हरितगृह वायूही बाहेर पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंतील पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के सांगितला होता. बांधावर आणि पडीक रानात चरणाऱ्या शेळीचा हिशेब मात्र वेगळा आहे. ती माणसाचे धान्य खात नाही आणि कोरडवाहू कुटुंबाला तिचा मोठा आधार असतो.

शाकाहारातील प्रत्येक पदार्थ पाणी वाचवतो, असेही नाही. दूध-तुपामागेही मिथेन आहे, पाणी साठवलेल्या भातखाचरांतूनही तो निघतो आणि उसाला किती पाणी लागते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. म्हणून आमचा आग्रह ज्वारीची भाकरी, वरण, पिठले, घुगऱ्या अशा कोरडवाहू पिकांच्या जेवणाचा आहे. वेळा अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्षातील शेतपूजेच्या सणाच्या, भज्जी या मिश्र भाजीत तूर, हरभरा आणि वाटाण्याचे ओले दाणे एकत्र येतात, तेही असेच जेवण होय.

डाळ शिजवण्यापूर्वी अर्धा तास भिजवल्यास गॅस वाचतो. गिरणीतील चुनी व टरफल पशुखाद्यासाठी जाते. विनापॉलिश डाळ हवी असल्यास मागणी नोंदवताना तसे सांगावे.