ठासणीची रायफल

ठासणीची रायफल म्हणजे दारू आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून घालायची, गजाने तळापर्यंत ठासायची आणि मगच बार काढायचा अशी आटे पाडलेली बंदूक. दारू म्हणजे बंदुकीची, बाटलीतली नाही, आणि या दोन दारू एका दिवशी एकत्र आणायच्या नाहीत. मागून काडतूस सरकवायची सोयच नाही, त्यामुळे एका वेळी एकच बार, आणि तो उडाला की पुढचा भरायला सरावलेल्या माणसालाही अर्धा-एक मिनिट सहज जातं. म्हणून या बंदुकीत नेम धरण्याइतकीच अक्कल बार भरण्यात लागते, आणि नवशिके फसतात ते बहुतेक तिथेच.

मराठीला ही बंदूक नवी नाही. फुसका बार, ठासून भरलेला, लग्नाचा बार उडवला, हे सगळं तिच्याच घरातलं. कोकणात नुसतं ‘ठासणीची’ म्हटलं तरी लोकांना कळतं, कारण बागेत माकडं आणि शेतात रानडुकरं उतरतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या अशा बंदुका तिथे अजून आहेत. पण त्या बहुतेक गुळगुळीत नळीच्या, छर्रे उडवणाऱ्या. रायफलच्या नळीला आतून मळसूत्रासारखे आटे असतात, गोळी त्यात धरली जाते, स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. भरायची रीत तीच, पण चांगली रायफल ५० यार्डांवर सगळे बार लिंबाएवढ्या जागेत पाडू शकते, छऱ्याच्या बंदुकीकडून ती अपेक्षाच नसते.

हौस आणि शिकार म्हणून ही रायफल आज जिथे जोरात चालते ती जागा म्हणजे अमेरिका, आणि तिचा इतिहासही बराचसा तिथलाच. १८व्या शतकाच्या पूर्वार्धात पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन मुलखातून आलेले बंदूक कारागीर स्थायिक झाले. त्यांच्याकडची ‘येगर’ शिकारी रायफल आखूड नळीची आणि मोठ्या बोराची (बोर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी) होती, ती त्यांनी लांब आणि सडपातळ केली, नळी ४० इंचांच्या वर गेली, बोर लहान झालं, दस्ता लहरी रेषांच्या मेपल लाकडाचा. शिसं आणि दारू जंगलात पाठीवर वाहून न्यायचं म्हणजे छोटी गोळी परवडते, साधा हिशोब. हीच लाँग रायफल, कोणी पेनसिल्व्हेनिया म्हणतं कोणी केंटकी. पुढे १९व्या शतकात सेंट लुईसला जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी रॉकी पर्वताकडे जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी आखूड, जड आणि मोठ्या बोराची रायफल बनवली, कारण तिकडे गाठ हरणाशी नाही, बायसन आणि अस्वलाशी पडायची.

काडतुसं आल्यावर हे सगळं मागे पडलं, पण पूर्ण मेलं नाही. १९३३ मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन स्थापन झाली, तिचं मैदान इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या छोट्या गावात आहे. १९७० मध्ये थॉम्पसन सेंटर कंपनीने हॉकेन नावाची तयार रायफल बाजारात आणली आणि कारागिराकडून बनवून घेणं न परवडणाऱ्या माणसाच्याही हातात ठासणीची आली. १९८५ मध्ये टोनी नाइट यांची एमके-८५ ही ‘इनलाइन’ रायफल आली, त्यात बार पेटवणारी टोपी नळीच्या थेट मागे सरळ रेषेत बसते आणि दुर्बीण लावली की लांबून ती आधुनिक रायफलच वाटते. तेव्हापासून पारंपरिकवाले आणि इनलाइनवाले यांच्यात जे वाद चालू आहेत ते पुणेरी मिसळ की कोल्हापुरी या वादाइतकेच संपण्यासारखे आहेत. ही नोंद पारंपरिक रायफलीबद्दल आहे.

पारंपरिक रायफल दोन प्रकारची. फ्लिंटलॉकमध्ये घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी असते, चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी समोरच्या पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या खालच्या छोट्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे आग लावायच्या बारीक दारूवर, पडतात आणि ती आग नळीच्या कानातून आतल्या दारूपर्यंत जाते (तोफांच्या कानात खिळे ठोकायचे ते हेच कान). दुसरा प्रकार टोपीचा. अलेक्झांडर फोरसिथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे तांब्याची टोपी आली, ती निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या पोकळ खुंटीवर, बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटतो. दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण म्हणा. या दोन्हींआधीची तोड्याची बंदूक, म्हणजे पेटती वात लावलेली, आपल्याकडे शिवकाळात सर्रास होती. जपानात तशीच बंदूक १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर पोचली, आणि तिचा साचा गोवा-मलाक्काकडच्या बंदुकांचा असावा असं बरेच अभ्यासक मानतात. ठासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीचा एक प्रकार आजही तानेगाशिमा नावानेच खेळला जातो.

पहिली रायफल कुठली घ्यावी? टोपीची, .५० कॅलिबरची (म्हणजे अर्धा इंच बोराची), अर्ध्या दस्त्याची, म्हणजे लाकूड नळीच्या अर्ध्यापर्यंतच असलेली. फ्लिंटलॉक दिसायला कितीही देखणी असली तरी स्वस्तातली फ्लिंटलॉक म्हणजे नवशिक्याला वैताग, ठिणगी नीट पडत नाही आणि दोष आपला की बंदुकीचा हेच कळत नाही. शिवाय ठिणगी आणि बार यांच्यात जो क्षणभराचा अवकाश असतो त्यात माणूस दचकतो, डोळे मिटतो, नेम हलतो. घ्यायचीच तर चांगल्या लॉकची, म्हणजे घोडा-गारगोटीच्या यंत्रणेची, घ्यावी, इटलीतल्या पेदेरसोलीसारख्या कंपन्यांच्या मिळतात, हाताला सुतारकाम असेल तर किट आणून घरी जोडणारेही बरेच आहेत. विकत घेताना आट्यांचा पीळ विचारावा: कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, ६६ इंचांत एक फेरा वगैरे, लांबट गोळीला २८ इंचांत एक असा घट्ट, आणि ४८ इंचांत एक हा मधला तडजोडीचा, दोन्ही बऱ्यापैकी चालवणारा.

दारू म्हणजे काळी दारू: ढोबळमानाने ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. तिचे दाणे ‘एफ’मध्ये मोजतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. टू-एफ मोठ्या बोराला, थ्री-एफ .४५ आणि त्याखालच्याला (.५० मध्येही खूप जण तीच वापरतात), फोर-एफ फक्त फ्लिंटलॉकच्या रंजकेला. पायरोडेक्ससारखे पर्यायही मिळतात आणि टोपीच्या रायफलीत चालतात, पण ते पेटायला जास्त उष्णता लागते म्हणून फ्लिंटलॉकमध्ये रुसतात. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू मात्र यात कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही, दाब इतका वाढतो की नळी फुटते आणि बोटं जातात. रंग काळा दिसला म्हणजे काळी दारू असं नसतं, डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, आणि बिनलेबलची दारू कोणी फुकट दिली तरी घ्यायची नाही.

आता बार भरायचा कसा. आधी कोरडी चिंधी गजावर चढवून नळीतलं तेल पुसून काढायचं, मग नळी मोकळ्या जागी जमिनीकडे करून एक-दोन नुसत्या टोप्या उडवायच्या, समोरचं गवत हललं म्हणजे वाट मोकळी. दस्ता जमिनीवर टेकवून नळी उभी धरायची, तोंड आपल्या चेहऱ्यापासून लांब. दारू ठेवायच्या शिंगातली दारू आधी पितळी मापट्यात घ्यायची आणि मापट्यातून नळीत, शिंग थेट नळीला कधीच लावायचं नाही, कारण आत मागच्या बाराचा निखारा राहिला असेल तर हातातलं अख्खं शिंग बॉम्बसारखं फुटतं. माप ग्रेनमध्ये असतं, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, पण ही दारू तराजूने नाही, मापट्यानेच भरतात. नळीवर दोन थापट्या मारायच्या म्हणजे दारू बसते. मग तोंडावर सुती कापडाचा तुपकट तुकडा, त्यावर मऊ शिशाची गोल गोळी, .५० च्या नळीला .४९० ची, वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. छोट्या दांडीने ती तोंडात दाबायची, मग गज नळीच्या तोंडापासून वीतभर वरच धरून थोडं थोडं खाली लोटत न्यायचं, गज वर टोकाला पकडून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि त्याचं टोकदार फळकूट तळहातात घुसतं. गोळी दारूवर टेकली पाहिजे, मध्ये फट राहिली तर नळी फुगू शकते. म्हणून गजावर खूण करून ठेवतात: बार भरल्यावर खूण बरोबर नळीच्या तोंडाशी आली तर ठीक, वर राहिली तर गोळी अडकलीये किंवा आत आधीचाच बार बसलाय. टोपी किंवा रंजक सगळ्यात शेवटी, तीही मैदानाच्या रेषेवर उभं राहून.

कापडाला वंगण लागतंच, त्याने नळीतली काजळी मऊ राहते आणि पुढची गोळी उतरते. मधमाश्यांचं मेण, चरबी, ऑलिव्ह तेल असं काय काय वापरतात, मैदानावर घाईत असलेले सरळ तोंडातल्या थुंकीने ओलं करतात. १८५७ च्या काडतुसांची जी गोष्ट आपण शाळेत शिकलो ती याच वंगणाची. १८५३ पॅटर्नची एनफील्ड ही .५७७ बोराची ठासणीची रायफल होती आणि तिचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी, दाताने फाडून दारू नळीत ओतायची आणि चरबी लावलेल्या कागदासकट गोळी आत ठासायची, ती चरबी गाईची आणि डुकराची असल्याची बातमी पसरली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हल्लीच्या नेमबाजांनी प्राणिज चरबी टाळली तरी चालतं, फक्त इंजिन ऑइलसारखं खनिज तेल नको, काळ्या दारूच्या काजळीत मिसळून त्याचं डांबर होतं.

पहिल्या दिवशी २५ यार्डांवर कागद लावून ५० ग्रेनने सुरुवात करावी, पाच बार काढावेत, मग बंदुकीच्या पुस्तिकेतली मर्यादा न ओलांडता पाच-पाच ग्रेन वाढवत बघावं. कुठल्यातरी एका मापाला भोकं एकत्र यायला लागतात आणि त्याच्या पुढे गेलं की पुन्हा पांगतात. जास्त दारू म्हणजे जास्त ताकद हा समज इथेच सोडून द्यावा, एका मर्यादेनंतर जास्तीची दारू नुसता धूर आणि खांद्याला धक्का देते. बार झाल्यावर समोर दहा-पंधरा पावलांवर पडलेली कापडं गोळा करून बघायची, कागदावरच्या भोकांपेक्षा ती जास्त बोलतात. मधला गोल नुसता काळवंडलेला आणि कडा झालरीसारखी सुटलेली असेल तर सगळं जमलंय. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी, आणि आट्यांच्या जागी सरळ चिरा असतील तर नव्या नळीच्या धारा अजून बोथट व्हायच्यात.

बार उडाला नाही तर नळी समोरच ठेवून निदान मिनिटभर थांबायचं, कधीकधी दारू धुमसून उशिरा पेटते. आणि गप्पांच्या नादात दारू न घालताच गोळी ठासणे हे प्रत्येकाकडून एकदा तरी होतंच, मग गोळीत स्क्रू फिरवून ती ओढून काढायची, तोवर मागून टोमणे ऐकायचे.

शिकारीला ठासणीसाठी अमेरिकेत बऱ्याच राज्यांत वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये सुरू केलेला सगळ्यात कडक, नाताळनंतरच्या ऐन थंडीत आणि फक्त फ्लिंटलॉकने. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही. लायसन्स आणि शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण वेगळं. गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने पडतो, १०० यार्डांवर जाईपर्यंत जवळपास निम्मा, म्हणून हरणावर ५०-६० यार्डांच्या आतच बार टाकावा, दुसरा मिळणार नाही. बार झाला की समोर पांढरा धूर, हरीण कुठे गेलं तेच दिसत नाही, अनुभवी लोक लगेच खाली बसून धुराखालून बघतात. पाऊस-बर्फात लॉकवर चामड्याचं टोपरं बांधतात, त्याचं नाव ‘काऊज नी’, म्हणजे गाईचा गुडघा. गाडीत ठेवण्याआधी रंजक झटकायची किंवा टोपी काढायची.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये अशा बहुतेक बंदुका आणि त्यांच्या नव्या प्रतिकृती ‘अँटिक’ धरल्या जातात, पण राज्याराज्याचे नियम वेगळे, काही ठिकाणी बरेच कडक, ते आधी बघावेत. भारतात असं काही नाही: १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, पीकसंरक्षणासाठी तिचा उल्लेख कायद्यातच आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंदच. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी तिकडचं बघून गावच्या माळ्यावरची आजोबांची बंदूक बाहेर काढायला जाऊ नये.

शेवटचं काम धुलाईचं, आणि ते त्याच दिवशी. काळ्या दारूचा अर्ध्याहून जास्त भाग जळून क्षार आणि काजळी म्हणून मागे राहतो, ते क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि दमट हवेत एका रात्रीत नळी गंजते. महागडी रसायनं लागत नाहीत, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब पुरतो. नळी सुटी होत असेल तर बुड बादलीत ठेवून गजाने पाणी वर-खाली ओढायचं, आधी शाईसारखं काळं आणि सडक्या अंड्याच्या वासाचं निघतं, मग राखाडी, मग स्वच्छ, की कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेलाची. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरी चिंधी परत फिरवून बघायची, तांबूस डाग आला तर पुन्हा बादली.