स्पेनमधील परदेशी रहिवाशांच्या घरांतील गच्ची व बाहेरचे स्वयंपाकघर

स्पेनच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर आणि बालेआरिक बेटांवर स्थायिक झालेल्या परदेशी रहिवाशांच्या घरांत गच्ची, पडवी, अंगण आणि पोहण्याच्या तलावाभोवतालची जागा रांधण्या-जेवण्यासाठी व बसण्या-उठण्यासाठी योजण्याची पद्धत. १९६०नंतर किनारी पर्यटन वाढले तशी ब्रिटिश, जर्मन, डच, बेल्जियन व स्कँडिनेव्हियन लोकांची वस्ती या भागात वाढत गेली. आलिकान्ते प्रांतातील कोस्ता ब्लांका, मालागा प्रांतातील कोस्ता देल सोल, मुर्सियाचा किनारा आणि मायोर्का बेट ही तिची मुख्य ठिकाणे होत. यांतील बहुतेक लोक उन्हाच्या ओढीने आलेले असल्याने घर घेताना मोकळी दक्षिणाभिमुख गच्ची हीच त्यांची पहिली मागणी असते. स्थानिक परंपरा मात्र सावलीची आहे. गच्ची वर्षभर वापरात राहते की जुलै-ऑगस्टमध्ये ओस पडते, हे या दोन दृष्टींचा मेळ कसा घातला जातो यावर ठरते.

स्थानिक घरांत उघड्यावरच्या जागांचे अनेक प्रकार आढळतात. पोर्चे म्हणजे घराला लागून असलेली छपराखालची पडवी, पातिओ म्हणजे भिंतींनी वेढलेले अंगण आणि आसोतेआ म्हणजे सपाट छपराची गच्ची. जोडघरांच्या वसाहतींत वरच्या गच्चीला सोलारियुम म्हणतात. आलिकान्तेच्या उत्तरेकडील मारिना आल्ता भागात देनिया व हावेआ या गावांच्या परिसरात मनुका सुकवण्यासाठी कमानींच्या लांब पडव्या बांधल्या जात. रिउराउ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूत पावसाचे चिन्ह दिसताच द्राक्षांचे ट्रे आत ओढून घेत. आज त्या भागातील परदेशी लोकांच्या बंगल्यांना जी कमानदार पडवी असते, तिला नाया म्हणतात. ती या परंपरेशी नाते सांगते आणि उन्हाळी स्वयंपाकघरासाठी तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

नियोजनाची सुरुवात शेगडीपासून न करता सूर्याच्या मार्गापासून करावी लागते. मालागाच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७७° वर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो केवळ ३०° पर्यंत चढतो. त्यामुळे अडीच मीटर उंचीच्या दक्षिणाभिमुख छपराखाली जूनच्या मध्यान्हीचे ऊन जेमतेम ६० सेंमी. आत शिरते आणि डिसेंबरात तेच चार मीटरांहून अधिक आत येते. तीन मीटर खोलीची साधी पडवी उन्हाळ्यात सावली देते व हिवाळ्यात मागच्या भिंतीपर्यंत ऊन पोहोचू देते. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही. खरी अडचण पश्चिमेची आहे. स्पेनचे घड्याळ १९४०पासून मध्य युरोपीय वेळेनुसार चालते, त्यामुळे मालागात उन्हाळ्यातील मध्यान्ह घड्याळात सव्वादोनच्या पुढे येते आणि जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर होतो. संध्याकाळी सात-आठ वाजता, म्हणजे उत्तर युरोपीय माणसाच्या जेवणाच्या वेळी, तिरपे ऊन पश्चिमेकडील गच्चीवर थेट तोंडावर येते आणि आडवे छप्पर त्याला अडवू शकत नाही. तेथे उभा पडदा, बांबूसारख्या बोरूची चटई किंवा दाट वेल लागतो. स्थानिक लोक रात्री नऊ-दहाला जेवतात, त्यामागे ही गोष्टही आहे.

सावलीसाठी द्राक्षाचा वेल हा जुना आणि अजूनही उत्तम उपाय आहे. उन्हाळ्यात पाने दाट होतात, हिवाळ्यात ती झडून ऊन मोकळे होते. मात्र पिकलेल्या द्राक्षांवर गांधीलमाश्या येतात, म्हणून जेवणाचे टेबल थेट त्याखाली मांडू नये. बोगनवेल रंगासाठी लावली जाते, पण तिची कागदी फुले वर्षभर गळून पन्हळी तुंबवतात. अलीकडे फिरत्या पट्ट्यांच्या अॅल्युमिनियम मांडवांचा प्रसार झाला असून पट्ट्या मिटल्यावर ते पाऊसही अडवतात. कापडी छत, म्हणजे तोल्दो, स्वस्त व परिणामकारक असते; जोरदार वाऱ्यात ते गुंडाळणे मात्र विसरता कामा नये.

वाऱ्याचा विचार बहुतेक आराखड्यांत राहून जातो. उन्हाळ्यात दिवसा किनाऱ्यावर समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो आणि रात्री तो उलट फिरतो. डोंगरउतारावरच्या बंगल्याची गच्ची साहजिकच समुद्राकडे तोंड करून असते आणि देखावा दिसावा म्हणून शेगडी तिच्या पुढच्या कठड्याशी मांडली जाते. परिणामी दुपारच्या जेवणाचा सगळा धूर उघड्या दारांतून दिवाणखान्यात शिरतो. शेगडी घराच्या बाजूच्या भिंतीकडे, वाऱ्याच्या वाटेपासून हटवून मांडली की दिवसा व रात्री दोन्ही वेळा धूर घराला चुकवून जातो. मालागात याशिवाय तेर्राल नावाचा कोरडा तप्त वारा जमिनीकडून येतो. तो सुटला की बाहेर चूल पेटवण्याचा विचारच सोडावा लागतो. सहाराची धूळ घेऊन येणारी कालिमा ही आणखी एक स्थानिक बाब. मार्च २०२२मध्ये आग्नेय स्पेनमधील गच्च्या, भिंती व तलाव तिने तांबूस करून टाकले होते. खोबणी आणि नक्षी असलेले फर्निचर अशा वेळी धुऊन निघत नाही.

चुलीची निवड काय शिजवायचे यावर अवलंबून असते. उत्तरेकडून आलेले रहिवासी झाकणाच्या गॅसशेगडीला सरावलेले असतात. पण वालेन्सियाच्या प्रदेशात पाएला हा भाताचा पदार्थ म्हणजे रविवारचा सोहळा असतो आणि त्यासाठी विटांची रुंद चूल बांधलेली असते. पाएलाची कढई उथळ व पसरट असते, तिच्या संपूर्ण तळाला सारखी आच मिळावी लागते आणि ती अगदी समपातळीत बसावी लागते, कारण भाताचा थर बोटभर जाडीचा असतो व कढई कलली तर एका बाजूचा भात करपतो, दुसऱ्या बाजूचा कच्चा राहतो. संत्र्याच्या झाडाचे लाकूड त्यासाठी पसंत केले जाते. ६० सेंमी. व्यासाची कढई बाजारातील बहुतेक गॅसशेगड्यांवर मावत नाही. म्हणून तिवईवरचा वर्तुळाकार बर्नर ठेवायला ओट्याशेजारी मोकळी जागा सोडावी. मालागात सार्डिन मासे बोरूच्या काडीत ओवून ती काडी वाळूत रोवतात, निखारे माशांखाली नसून बाजूला असतात आणि वाऱ्याने धूर माशांपासून दूर जाईल अशी रचना करतात. याला एस्पेतो म्हणतात. घरी तो करायचा तर वाळूने भरलेली लोखंडी पेटी पुरते. पुष्कळ घरांत ओट्यावरचा लोखंडी सपाट तवा, म्हणजे प्लान्चा, सर्वांत जास्त वापरला जातो, कारण त्याला धूर कमी आणि तयारीही थोडी लागते.

आगीचा धोका हा येथील सर्वांत गंभीर विषय आहे. अनेक परदेशी वसाहती पाइनच्या रानालगत वसलेल्या आहेत आणि उन्हाळ्यात ते रान काडीसारखे कोरडे होते. आंदालुसियात १ जून ते १५ ऑक्टोबर हा वणव्याच्या मोठ्या धोक्याचा काळ मानला जातो. त्या काळात वनक्षेत्रात व त्याभोवतीच्या ४०० मीटरांच्या पट्ट्यात आग पेटवण्यावर कडक निर्बंध असतात. वालेन्सियात असा पट्टा ५०० मीटरांचा आहे. तेथील चुलींना छप्पर, तीन बाजूंनी भिंती आणि धुराड्याच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी जाळी घालतात. चुलीजवळ पाण्याचा नळ व लांब रबरी नळी असलीच पाहिजे. आराखड्यात ती सोय पहिल्या दिवसापासून दाखवावी. रानाच्या कडेला राहणाऱ्याने लाकडाची चूल बांधू नये, गॅस किंवा विजेवरच भागवावे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

गॅस बहुधा साडेबारा किलोच्या नारिंगी ब्युटेन सिलिंडरमधून येतो. ब्युटेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. सिलिंडर ओट्याखालच्या कप्प्यात ठेवायचा तर त्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि तो कधीही तळघरात ठेवू नये. ब्युटेन शून्याच्या आसपासच्या तापमानाला वायुरूप होईनासा होतो. म्हणून ग्रानादाच्या डोंगराळ भागासारख्या थंड ठिकाणी प्रोपेन वापरतात. रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती पाहून नळी वेळेवर बदलावी. विजेच्या बाबतीत २००२च्या नियमावलीनुसार अधिकृत तंत्रज्ञाकडूनच काम करून घ्यावे लागते. बाहेरचे बोर्ड पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असावेत आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी त्या वाहिनीवर असावा.

गच्ची जमिनीवर नसून छपरावर असेल तर भाराचा हिशेब टाळता येत नाही. २००६च्या स्पॅनिश बांधकाम संहितेत केवळ खासगी वापराच्या छपरासाठी दर चौरस मीटरला १ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो, इतका वापरभार धरला आहे. घरातील खोल्यांसाठी तो २ किलोन्यूटन आहे. अर्धा मीटर खोल पाण्याच्या टबात नुसत्या पाण्याचाच भार चौरस मीटरला ५०० किलो होतो आणि ४० सेंमी. ओल्या मातीची कुंडी त्याहूनही जड भरते. विटांची चूल, दगडी ओटा आणि मोठी झाडे सोलारियुमवर चढवण्याआधी स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून घेणे हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे. वजनदार वस्तू भिंतींच्या व तुळयांच्या वर ठेवतात, स्लॅबच्या मध्यावर नाही. ओटा बसवताना फरशीखालच्या जलरोधक थराला भोक पाडले की गळती खालच्या शेजाऱ्याच्या छतात उतरते. म्हणून पायावर उभे राहणारे सुटे ओटे अशा गच्चीवर श्रेयस्कर ठरतात.

पाऊस कमी, म्हणून निचऱ्याकडे दुर्लक्ष, ही चूक महागात पडते. आलिकान्तेत वर्षाला सुमारे ३०० मिमी. पाऊस होतो, पण शरद ऋतूत तो काही तासांतच कोसळू शकतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया प्रांतातील तुरिस येथे एका दिवसात ७०० मिमी.हून अधिक पाऊस नोंदला गेला. गच्चीला किमान १ टक्का उतार हवा, पाणी वाहून जाण्यास एकापेक्षा अधिक वाटा हव्यात आणि सप्टेंबर उजाडण्यापूर्वी गाळण्या साफ व्हायला हव्यात. बाहेरच्या मोरीचे खरकटे पाणी सांडपाण्याच्या नळाला जोडावे, पावसाच्या पन्हळीला नाही.

साहित्याच्या निवडीत समुद्राच्या खाऱ्या हवेला सर्वाधिक महत्त्व आहे. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादावर किनाऱ्यालगत तांबूस डाग पडू लागतात. मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रत अधिक टिकते. राळमिश्रित क्वार्ट्झचे ओटे उन्हात पिवळे पडतात. आल्मेरियातील माकाएलचा संगमरवर सुंदर दिसतो, पण लिंबाच्या रसाने त्यावर कायमचे डाग उठतात. त्या मानाने ग्रॅनाइट व उच्च तापमानात भाजलेल्या चिनी मातीच्या लाद्या निर्धास्त वापरता येतात. कास्तेयोन प्रांत हे सिरॅमिक उद्योगाचे मोठे केंद्र असल्याने अशा लाद्या सहज मिळतात. तलावाच्या काठी न घसरणारी, घसरण-रोधाच्या वर्गवारीत तिसऱ्या वर्गाची फरशी घ्यावी. गडद रंगाची फरशी दुपारी अनवाणी पायाला सोसवत नाही. कुंड्यांखालच्या थाळ्यांत पाणी साचू देऊ नये, कारण २००४मध्ये कातालोनियात प्रथम आढळलेला टायगर डास आता सगळ्या भूमध्य किनाऱ्यावर पसरला असून अशाच पाण्यात अंडी घालतो.

कायद्याची बाजू परदेशी खरेदीदारांना अनेकदा उशिरा कळते. सदनिकांच्या इमारतींना १९६०चा सामायिक मालमत्ता कायदा लागू होतो. त्यानुसार इमारतीची सुरक्षितता, रचना वा बाह्य स्वरूप बदलणारे काम एकट्या मालकाला करता येत नाही. वरच्या मजल्याची गच्ची एकाच घराच्या वापरात असली तरी ती बऱ्याचदा सामायिक मालकीची असते. तोल्दोचा रंगही रहिवासी मंडळाने ठरवलेला असतो आणि काचेची पडदी लावण्याआधी मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. दिवाणी संहितेच्या ५८२व्या कलमाने शेजाऱ्याच्या हद्दीपासून दोन मीटरांच्या आत थेट नजर पोहोचणारी खिडकी किंवा सज्जा काढण्यास मनाई आहे, तर ५९०वे कलम परक्या अथवा सामायिक भिंतीजवळच्या भट्ट्या व धुराड्यांना लागू होते. बंगल्याच्या आवारातही नगरपालिकेची परवानगी किंवा पूर्वसूचना आवश्यक असते, हद्दीपासून सोडायची सामासिक अंतरे पाळावी लागतात आणि पक्के छप्पर घातल्यास ते बांधीव क्षेत्रात मोजले जाऊ शकते. समुद्रालगत १९८८च्या किनारा कायद्याचा १०० मीटरांचा संरक्षित पट्टा लागतो. जुन्या नागरी वस्तीत तो २० मीटर असतो. विक्रीच्या वेळी विनापरवाना बांधलेली पडवी कागदपत्रांत आढळली नाही की व्यवहार अडतो. म्हणून ओट्याचा दगड निवडण्याआधी परवानगीचा अर्ज व्हावा.

२०२१पासून स्पेनमध्ये निवासाचा परवाना नसलेल्या ब्रिटिश मालकांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, त्यामुळे अनेक घरे महिनोन्महिने बंद असतात. अशा घरांत भिंतीत बसवलेल्या उपकरणांपेक्षा आत उचलून ठेवता येणारा तवा आणि सुटी शेगडी सोयीची पडते. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढणे, बाहेरच्या फ्रिजचे दार उघडे ठेवणे, कापडी छत गुंडाळून बांधणे आणि निचऱ्याच्या गाळण्या कोणाकडून तरी तपासून घेण्याची सोय करणे ही कामे आराखड्यासोबतच लिहून द्यावीत.